तिकिटावर प्रमोटर म्हणून माझं नाव होतं

लंडनच्या या उत्तर-पश्चिम कोपऱ्यातल्या मराठी माणसांचं आमचं एक मंडळ आहे. गणपती, दिवाळी, संक्रांत, उन्हाळ्यात एक पिकनिक. मी काही वर्षं त्याच्या कमिटीवर होते. आता नाही. मंडळातल्या बऱ्याच जणांना वाटतं की मी नोकरीच्या धावपळीमुळे सोडलं, आणि कमिटीनेही तेच सांगितलंय. ते खोटं आहे. मी एका रॅफलवरून सोडलं.

हॉलचं भाडं वाढलं होतं, म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमात मोठी रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसांची सोडत, करायची, असं स्टॅनमोरला अध्यक्षांच्या घरी झालेल्या मीटिंगमध्ये ठरलं. वेम्बलीतल्या ईलिंग रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजंटने पहिलं बक्षीस द्यायचं कबूल केलं होतं: भारताचं जाऊन-येऊन विमानाचं तिकीट. बक्षीस एवढं घसघशीत आहे तर तिकिटं फक्त हॉलवर नको, आधीपासून बाहेरही विकू, असं सगळ्यांचं मत पडलं. मी म्हटलं, बाहेर विकायची तर परवानगीचं बघावं लागेल. त्यावर प्रत्येकाने आपापल्या ठिकाणची लॉटरी बाहेर काढली. अध्यक्ष इथे येण्याआधी दुबईत होते. ते म्हणाले, तिकडे एअरपोर्टवरच आलिशान गाड्या मांडून ठेवतात, तिकीट घ्या आणि विमानात बसा. खजिनदार अहमदाबादला वाढलेला. तो म्हणाला, आमच्याकडे लॉटरी बंदच, त्यामुळे मला यातलं काही कळत नाही. कुणाच्या तरी भावाला टोरांटोत एका दुकानाच्या ड्रॉमध्ये टीव्ही लागला, तर तो हातात देण्याआधी त्याला गणित सोडवायला लावलं होतं. बक्षीस नुसत्या नशिबाचं नाही, थोडं डोक्याचंही आहे असं दाखवायला. सगळे खूप हसले.

मला आमच्या पुण्याची टपरी आठवत होती. शाळेत जाताना वाटेवर एक लॉटरीवाला बसायचा, दोरीवर चिमट्यांनी तिकिटं लावलेली, सगळ्या राज्यांची. माझे वडील दिवाळीचं बंपर घ्यायचे आणि आई महिनाभर त्यांना टोमणे मारायची. सरकारने लोकांना असं नादाला लावावं याचा मलाही तेव्हा राग यायचा. पण एक गोष्ट होती. निकाल पेपरात छापून यायचा, आणि ज्याच्या हातात तिकीट त्याचं बक्षीस. तो कुठला, कोणाचा, ड्रॉच्या वेळी कुठे बसला होता, हे कुणी विचारत नसे.

"तू बँकेत कम्प्लायन्समध्ये आहेस ना," अध्यक्ष मला म्हणाले. "मग हे तूच बघ. तुला नियम आवडतात."

मी बघितलं. इथला कायदा तसा सरळ आहे. कार्यक्रमाच्या जागीच तिकिटं विकायची असतील तर फार कुणाला विचारावं लागत नाही. पण बाहेरच्या लोकांना आधीपासून विकायची असतील तर संस्थेला कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी करावी लागते. सोळा वर्षांखालच्या मुलांना विकायची नाहीत. रस्त्यावर उभं राहून विकायची नाहीत. तिकिटावर संस्थेचं नाव, किंमत, ड्रॉची तारीख छापायची, आणि एका जबाबदार माणसाचं नाव आणि पत्ता. त्याला म्हणतात प्रमोटर. कमिटीत कुणी पुढे येईना. शेवटी माझं नाव छापलं, आमच्या एजवेअरच्या घराच्या पत्त्यासकट.

"आपल्या घराचा पत्ता अख्ख्या वेम्बलीला वाटणार तू?" नवरा म्हणाला.

"कायदा आहे," मी म्हटलं. मला त्याचा अभिमानच वाटत होता, हेही सांगायला हवं.

ईलिंग रोडवरच्या एका किराणा दुकानदाराने दुकानाच्या आत, डाळींच्या पोत्यांशेजारी मला टेबल लावू दिलं. शनिवारी मी तिथे बसायचे. एका शनिवारी एक बाई मेथीची जुडी घेऊन समोर उभी राहिली. तिशीतली असेल. अंगात केअर होमचा, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमाचा, जांभळा ट्यूनिक, वर फुगलेलं जॅकेट. मी खजिनदाराशी फोनवर मराठीत बोलत होते ते तिने ऐकलं होतं.

"ताई, हे इंडियाचं तिकीट खरंच देतात का हो?"

मी हसले. म्हटलं, खरंच देतात. मग ती बोलत राहिली. संगमनेरची. केअर वर्करच्या व्हिसावर आलेली. मुलगी तिकडे आजीपाशी, कारण ही आली त्याच्या थोडं आधी नियम बदलला आणि केअरच्या व्हिसावर मुलं आणता येणं बंद झालं. आली तेव्हापासून ती घरी गेलेली नव्हती. व्हिसाच्या एजंटाला भरायला काढलेलं कर्ज आधी फेडायचं होतं.

तिने एक तिकीट घेतलं. आमच्याकडे राहणाऱ्या अर्ध्या चिठ्ठीवर, काउंटरफॉइलवर, नाव आणि फोन लिहिताना थांबली. "पण ताई, दिवाळीच्या दिवशी माझी ड्यूटी आहे. हॉलवर नसले तर?"

"नसलात तरी चालेल," मी म्हटलं. "नंबर लागला तर मी स्वतः फोन करीन."

हे मी तिला सांगितलं होतं. मी, प्रमोटरने. बाकी सगळ्या रागाच्या मुळाशी हे वाक्य आहे.

दिवाळीचा कार्यक्रम हॅरोच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. नाच झाले, फराळ झाला, आणि ड्रॉच्या वेळी मी मागे चहाच्या काउंटरवर अडकले होते, कारण दूध संपलं होतं आणि लोक माझ्यावर ओरडत होते. स्टेजवर पाहुण्या बाईंनी डब्यात हात घातला. अध्यक्षांनी माइकवर नंबर वाचला, मग नाव वाचलं. ते तिचं नाव होतं.

मी हातातला कप खाली ठेवला. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या बक्षिसाचाही झाला नसता. मी फोन शोधायला पर्समध्ये हात घातला, आणि तेवढ्यात अध्यक्षांचा आवाज आला.

"आहेत का? कुणी ओळखतं का यांना? नाही? मग हजर नाहीत! चला, दुसरी चिठ्ठी!"

हॉलमधून लोक ओरडले, "रीड्रॉ! रीड्रॉ!" गमतीत ओरडत होते. मी खुर्च्यांमधून धावत निघाले. लोकांचे पाय, पिशव्या, मुलं. मी स्टेजपाशी पोचेपर्यंत दुसरं नाव वाचून झालं होतं: स्टॅनमोरचे एक सर्जन, ज्यांनी त्या दिवशीच्या जेवणाचा खर्च उचलला होता. ते हसत हसत वर आले, हात जोडले, फोटो निघाला. मी पायऱ्या चढून माइककडे हात केला. अध्यक्षांनी माइक दुसऱ्या हातात घेतला आणि माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाले, "आत्ता नको. नंतर बोलू."

नंतर आम्ही शाळेच्या किचनमध्ये बोललो. अध्यक्ष, खजिनदार आणि मी.

"अहो, हजर असायला पाहिजे असं तिकिटावर कुठे लिहिलंय?"

"अगं, सगळीकडे अशीच पद्धत असते."

"कुठे सगळीकडे? आपण आधीपासून दुकानांत विकली ती कशाला? ज्यांनी तिथे घेतली ते सगळे काय हॉलवर येणार होते?"

"लोक ओरडत होते. तू ऐकलंस ना? कार्यक्रमाचा मूड असतो. अर्धा तास कुणाला फोन करत बसायचं?"

"एक मिनिट लागलं असतं. तिचा नंबर काउंटरफॉइलवर आहे. मी तिला सांगितलं होतं की—"

"तू कुणाला काय सांगितलंस ते आम्हाला कसं कळणार?" त्यांनी हात धुतले, कागदाने पुसले. "आणि ती आहे कोण? आपल्यातली तर नाही."

ते असं बोलले. मराठी मंडळाचा अध्यक्ष, संगमनेरहून आलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या बाईबद्दल. मी विचारलं, "आपल्यातली म्हणजे काय?" त्यांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "म्हणजे मेंबर नाही गं."

खजिनदार मधे पडला. चांगला मुलगा आहे, भांडण त्याला सहन होत नाही. "आपण तिला फराळाचा एक मोठा हॅम्पर देऊया ना. आणि डिनर सेट उरलाय तिसऱ्या बक्षिसाचा. तो पण देऊ."

"तिला पहिलं बक्षीस लागलंय," मी म्हटलं. "तिला डिनर सेट कशाला देतोस?"

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. ती ब्रेकवर होती, मागे कुठे तरी टीव्ही मोठ्याने लागला होता. मी सगळं सांगितलं. ती फोन घेऊन बाहेर आली असावी, टीव्हीचा आवाज थांबला. मग म्हणाली, "म्हणजे नंबर माझाच लागला होता?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. आणि मग पुढे, "ताई, राहू द्या. मोठी माणसं आहेत. माझं नाव कुठे यायला नको. लॉटरी म्हणजे जुगारच ना? व्हिसाच्या वेळी काही निघालं तर?"

मी तिला समजावलं की रॅफलचं तिकीट घेतलं म्हणून इथे व्हिसा कुणाचा जात नाही. तिला पटलं नाही. तिचा व्हिसा त्या नोकरीलाच बांधलेला, म्हणजे केअर होमच्या मालकिणीच्या हातात होता. रजा मागितली तरी ती म्हणायची, नको असेल काम तर सांग. अशा माणसाला हक्काची गोष्ट सांगायची म्हणजे काय सांगायची? मला क्षणभर तिचाच राग आला. मग तो राग कुणावर जायला पाहिजे हे लक्षात आलं आणि तो आणखी वाढला. मी तिला वचन दिलं की तिचं नाव मी कौन्सिलला सांगणार नाही. पण राहू देणार नाही, हेही सांगितलं.

कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागात फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक थकलेला माणूस लाइनवर आला. मी इंग्रजीत सगळी हकीकत सांगितली, आवाज चढू न देता, बँकेत बोलतात तशी. त्याने एकच प्रश्न विचारला. प्रमोटर कोण आहे?

"मी."

मग तो म्हणाला की बक्षीस कुणाला द्यायचं याचा वाद आम्ही सोडवत नाही, पण तिकिटं ज्या अटींवर विकली त्या नंतर बदलता येत नाहीत, आणि लॉटरी नीट पार पाडायची जबाबदारी प्रमोटरची. म्हणजे, मॅडम, तुमची.

मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात उभी राहून एकटीच हसले. नाव छापताना कुणालाच पुढे यायचं नव्हतं. आता त्या नावाचा उपयोग होता.

आधी मी सर्जनच्या घरी गेले. त्यांनी बक्षीस स्वतःहून मागितलं नव्हतं, त्यांना खरं काय ते कळलं की ते सोडतील, असं मला मनापासून वाटत होतं. मोठं घर, बूट काढायला वेगळी खोली. त्यांच्या बायकोने चहा आणला, चकली आणली. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पेशंटचं ऐकतात तसं.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आता जाहीर झालंय. फोटो टाकलेत. परत घेतलं तर अध्यक्षांना किती ऑकवर्ड होईल. आणि आम्ही फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नाला जायचं ठरवतोय." थोडं थांबून म्हणाले, "ती बाई केअरर आहे म्हणालात. आपण असं करू, आम्ही तिला वैयक्तिक काहीतरी देऊ. तिला मदत होईल."

"तिने मदत मागितलेली नाही."

"हो, पण गरज असेल ना."

"डॉक्टर, ती गरीब आहे म्हणून मी आलेले नाही. तिचा नंबर लागला म्हणून आलेय. तुमचा नंबर पहिला निघाला असता आणि तुम्ही हॉलवर नसता, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

त्यांच्या बायकोने बशी टेबलावर ठेवली. "तिला घरी कोण आहे तिकडे?" तिने विचारलं.

मला सांगता आलं असतं. मुलीचं सांगितलं असतं तर त्या खोलीतली हवा एका सेकंदात बदलली असती, कदाचित त्या बाई रडल्याही असत्या. मी मुद्दाम सांगितलं नाही. मी तिथे दया गोळा करायला गेले नव्हते. "माहीत नाही," मी म्हटलं आणि उठले. चकली तशीच राहिली.

डॉक्टर विचार करतो म्हणाले. आठवडा गेला, त्यांचा विचार संपला नाही. मग मी सरळ ईलिंग रोडला ट्रॅव्हल एजंटकडे गेले. वयस्कर गुजराती गृहस्थ, लहानपणी युगांडातून सगळं सोडून इथे आलेले. त्यांना तिकिटाचा नमुना दाखवला, अटी दाखवल्या, माझं नाव दाखवलं आणि ओळखपत्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"बेन, मुझे झगड़े में नहीं पड़ना," ते हिंदीत म्हणाले. "डॉक्टरसाब मेरे पुराने कस्टमर हैं."

"मलाही पडायचं नव्हतं," मी म्हटलं. "पण हे तुम्ही डॉक्टरांना दिलेलं नाही. रॅफलला दिलंय. आणि रॅफलची जबाबदार मी आहे. कौन्सिलला जो हिशेब जाईल त्यात मी खोटं लिहू देणार नाही."

ते बराच वेळ तिकीट बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "लिहून द्या." मी तिथेच त्यांच्या कॉम्प्यूटरवरून ईमेल लिहिला: प्रमोटर या नात्याने कळवते की विजेती ही आहे, आणि पुढे तिचं नाव. त्यांनी तिच्या नावाने व्हाउचर केलं.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. मी फोन कानापासून लांब धरला होता तरी नवऱ्याला ऐकू येत होतं. मी मंडळाची इज्जत घालवली होती. मोठ्या देणगीदाराला दुखावलं होतं. मी हट्टी होते, पहिल्यापासूनच. शेवटी ते म्हणाले, "आमच्या पाठीमागे केलंस."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही भर हॉलमध्ये केलंत आणि मी भर दुपारी निस्तरलं. पाठीमागे कुणीच काही केलेलं नाही."

तिला रजा मिळवायला आणखी महिना-दीड महिना गेला. मालकिणीने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हणाली. ती गेली आणि आली. परत आल्यावर मला भेटायला एजवेअर स्टेशनजवळच्या कॅफेत आली, डब्यात तिच्या आईने केलेले शेंगदाण्याचे लाडू घेऊन. मी विचारलं, मुलगी कशी आहे? ती हसली. मग म्हणाली, "पहिले दोन-तीन दिवस माझ्याशी बोललीच नाही ताई. मी समोर बसलेली, आणि आजीला म्हणते, आईला फोन लाव."

तिने लाडू माझ्या पुढे सरकवला आणि म्हणाली, "मग बोलायला लागली. आणि मग निघायची वेळ आली."

तिकीट मिळवून मी काहीतरी मोठं केलं असं मला तोपर्यंत वाटत होतं. त्या कॅफेत ते वाटणं गेलं. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना आंघोळ घालायला आणि भरवायला या देशाला ती हवी, तिची मुलगी नको. त्याच्यावर माझं कुठेच नाव छापलेलं नव्हतं, आणि तिथे मला कुणी जबाबदार अधिकारीही फोनवर मिळणार नव्हता.

त्यानंतर मंडळाची वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर रॅफल होतं. अध्यक्षांनी ठराव मांडला की यापुढे तिकिटं फक्त मंडळाच्या सभासदांना विकायची. त्यांनी समजावूनही सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं असं नाही: सभासदांपुरती ठेवली की इथल्या कायद्याप्रमाणे कौन्सिलकडे नोंदणी लागत नाही, हिशेब पाठवावा लागत नाही. "सगळी कटकट संपली," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, ही कटकट होती म्हणून एका बाईला तिचं बक्षीस मिळालं. ती काढून टाकायची म्हणजे पुढच्या वेळी कुणीच विचारू शकणार नाही. आणि सभासद व्हायचं तर दोन जुन्या सभासदांची ओळख लागते. दिवसभर केअर होममध्ये आणि रात्री भाड्याच्या खोलीत असलेल्या बाईने ते दोन कुठून आणायचे? तिची शिफारस करायला एक मी आहे. दुसरं कोण येतंय?

मागून एक गृहस्थ म्हणाले, "जेवण गार होतंय." हशा झाला. ठरावाला हात वर झाले. सर्जनच्या बायकोचा हात अर्धवट वर गेला आणि तिथेच राहिला. खजिनदाराचा पूर्ण वर होता.

"माझा विरोध लिहून घ्या," मी सेक्रेटरीला म्हटलं.

"अगं, कशाला? पास झालंय."

"लिहून घ्या."

त्याने मान हलवली, पेन हलवलं. पंधरवड्याने सभेचं इतिवृत्त ईमेलने आलं. त्या ठरावापुढे लिहिलं होतं: सर्वानुमते मंजूर.

मी कमिटीतल्या सगळ्यांना उत्तर पाठवलं, की हे खोटं आहे, मी विरोधात होते, दुरुस्त करा. खाली राजीनामा लिहिला. दुरुस्ती झाली नाही. काही वेळाने अध्यक्षांचा फोन आला. या वेळी आवाज मऊ होता, मोठ्या माणसाने समजूत काढावी तसा.

"अगं, कशाला एवढं ताणतेस? तिला मिळालं ना शेवटी?"

"तिला मिळालं नाही," मी म्हटलं. "मी तुमच्या हातून ओढून आणलं." आणि ते पुढे काही म्हणायच्या आत फोन बंद केला.